अकरा ते बारा फोन करू नका

खरं सांगा, गेल्या आठवड्यात किती जणांच्या कवितेखाली तुम्ही ‘वाह, अप्रतिम’ टाकलंत, आणि त्यातल्या किती शेवटपर्यंत वाचल्या होत्यात?

उत्तर मला कळवू नका. माझं उत्तर मी सांगून टाकते. दोन हजार वीस साली, टाळेबंदीत, मी रोज पंचवीस-तीस माणसांना ‘अप्रतिम’ म्हणत होते आणि वाचत एकही नव्हते. एकदा लिहून ठेवलं होतं, तेच उचलायचं आणि प्रत्येकाखाली चिकटवायचं. गॅसवर चहा उकळेपर्यंत सगळे कवी उरकून व्हायचे.

मी स्वतः कवी नाही. मी भोरची. नववीत शाळा सुटली, पुढचं सगळं तहसील कचेरीच्या व्हरांड्यात शिकले. रेशनकार्ड, निराधारांची पेन्शन, धरणात जमीन गेलेल्यांचे दाखले, यांची निवेदनं लिहिता लिहिता हात बसला. मला पाहिलं की साहेब लोक खुर्ची मागं सरकवतात, आणि त्यांनी ती तशीच सरकवत राहावी असं माझं मत आहे. पण ही गोष्ट माझी नाही. ही गुंजवणे गावच्या मायाची आहे. ती सांगायची तर आधी त्या ग्रुपचं सांगावं लागेल.

भोरात अमृतचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, दशक्रिया, आमचे मोर्चे, सगळ्यांचे फ्लेक्स तोच छापणार. टाळेबंदीत दुकान बंद, वाढदिवस बंद, मोर्चे बंद. माणूस घरात बसून कॉम्प्युटरकडं बघत राहिला आणि आठ दिवसांत त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नीरा-गुंजवणी काव्यमंच’ काढला. त्याच्या मोबाईलमध्ये जेवढे नंबर होते तेवढे सगळे कवी झाले. मला विचारलं नाही, सवरलं नाही, मोर्चाच्या फ्लेक्ससाठी दिलेला नंबर उचलून त्यात घातला. जून लागेपर्यंत आम्ही दोनशे चौदा झालो होतो.

ग्रुपची रीत अशी. सकाळी सातला अमृत सर विषय देणार. (दुकानात तो अमृत होता, ग्रुपात ‘सर’ झाला.) पाऊस, आई, मास्क, दुरावा, काहीही. संध्याकाळपर्यंत कविता टाकायच्या. सातला निकाल. सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, तृतीय, लक्षवेधी, उत्तेजनार्थ, आणि यात कुठंच न बसणाऱ्याला सहभाग. म्हणजे जो लिहील त्याला सन्मानपत्र. सोनेरी वेलबुट्टी, मधे कवीचा पासपोर्ट फोटो, कोपऱ्यात गोल शिक्का. फ्लेक्सवाल्याचा हात तो, देखणंच असायचं. आणि बाकीच्यांनी काय करायचं? नियम क्रमांक तीन: प्रत्येकानं प्रत्येक कवितेला दाद द्यायची. नियम क्रमांक सात: नकारात्मकता चालणार नाही.

उगाच नावं ठेवत नाही मी. त्या ग्रुपनं माणसं सांभाळली. उत्रोलीच्या सुलक्षणाबाईंचे यजमान दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्या बाई रोज चार ओळी टाकायच्या, दोनशे माणसं फुलं टाकायची, आणि त्या म्हणायच्या, ‘या फुलांच्या आधारानं मी सकाळी उठते.’ ते खोटं नव्हतं. सगळंच खोटं असतं तर मी कधीच बाहेर पडले असते आणि आज हे लिहीत बसले नसते.

जूनच्या मध्याला मला आसपासच्या तालुक्यांत फिरायचा पास मिळाला. गुंजवण्यात धरणग्रस्तांच्या घरांची यादी करायची होती. गावाच्या अलीकडं रस्त्याला एक वळण आहे. तिथं डोंगराची आड सुटते आणि मोबाईलला रेंज येते. गावात येत नाही. त्या वळणावर एक बाई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाईल उंच धरून उभी होती. पदर खोचलेला, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. मी गाडी थांबवली.

“काय हो, रेंज शोधताय?”

“रेंज घावली. आता जाती का बघतीय.”

“काय जाती का?”

“कविता.”

मी हसले. ती नाही हसली. माझा मास्क खाली होता, ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, “तुमी नूतनताई ना? फोटोवरनं वळाकलं. तुमी हायसा की आमच्या ग्रुपात. मी माया. माझ्या ‘उंबरा’ला परवा अप्रतिम लिवलं व्हतं तुमी.”

“हो, हो. छानच होती.”

“तिसऱ्या कडव्यात आडखळाय व्हतं का ओ?”

मी तहसीलदाराच्या तोंडावर न अडखळता चार गोष्टी रेटून सांगू शकते. इथं काय अवघड होतं? “नाही नाही, मस्त उतरलंय तिसरं कडवं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. वजनात मारलंय असं वाटलं की बाई काट्याकडं बघते, तसं.

“तिसरं कडवंच न्हाई त्यात,” ती म्हणाली. “दोनच हायती.”

  मी गाडी स्टँडवर लावली, तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि तिथंच उभ्यानं ‘उंबरा’ वाचली. नवी नवरी पायानं माप लवंडते, तांदूळ घरात सांडतात, सगळे टाळ्या वाजवतात. पुढं एवढंच होतं, की टाळ्या संपल्यावर ते तांदूळ वाकून कुणी वेचले? मी ती दोनदा वाचली. माझ्या लग्नातले तांदूळ मीच वेचले होते, हे मला पंचवीस वर्षांनी आठवलं.

“चांगली आहे,” मी म्हणाले.

“आता म्हनलासा ते खरं वाटलं,” ती म्हणाली.

मायाचं माहेर विंझरच्या पलीकडची वाडी. दहावीला बासष्ट टक्के, आणि पुढच्याच वर्षी लग्न. सासरची काही जमीन धरणाच्या पाण्याखाली, उरलेल्यात भात. नवरा धनाजी खेड शिवापूरकडच्या एका कंपनीत कँटीनला होता. कंपनी बंद म्हणून तोही घरी. सासू साळूबाई, आणि एकुलती एक लेक सोनिया, त्या वर्षी दहावीला. सोनियाच्या जुन्या वह्यांची मागची कोरी पानं माया लिहून काढायची आणि चुलीला लावायची. दाखवणार कुणाला? शाळेसाठी म्हणून घरात पहिला मोठा मोबाईल आला, बचत गटाच्या फ्लेक्समुळं नंबर अमृतकडं होताच, आणि एक दिवस मोबाईल उघडला तर ही आपोआप कवी.

मोबाईल सकाळपासून चारपर्यंत सोनियाचा. वळणावर दगडावर छत्री रोवून पोरगी तासांना बसायची. चार ते पाच मायाचा. पाचला मोबाईल घरी, आणि घरात रेंज नाही, म्हणजे संपलंच. तो एक तास. तेवढ्यात कविता टाकायची, कालच्या कवितेला काय आलंय ते वाचायचं, दुसऱ्यांच्या वाचायच्या. हो, ती वाचायची. सगळ्या. मग ज्याला त्याला लिहायची, ‘तुमच्या कवितेतली ओढ्याची ओळ फार खरी आहे.’ तिच्याएवढी हळू दाद देणारी ग्रुपात कुणी नव्हती, आणि दाद कमी पडते म्हणून तिला दोनदा सूचना मिळाली होती.

घरात चेष्टा चालायचीच. चार वाजले की धनाजी म्हणायचा, “चला, मॅडमचं आफिस उघडलं.” साळूबाई म्हणायच्या, “त्या वळनावर हिनं काय पुरून ठिवलंय, द्येव जाणे.” एकदा मायानं सासूला सन्मानपत्र दाखवलं.

“सरकारी हाय का हे?”

“न्हाई ओ आत्याबाई. कवितेचं हाय.”

“मंग शिक्का कशापायी मारलाय?”

असे एकसष्ट शिक्के ऑगस्टपर्यंत तिच्याकडं झाले होते.

मधे जुलैत एक प्रकार घडला. मायानं तरवा काढायची कविता टाकली. (तरवा म्हणजे भाताची रोपं. आधी एका वाफ्यात दाट उगवायची, मग उपटून खाचरात लावायची.) कवितेतली बाई तरवा उपटता उपटता आभाळाकडं बघते. सव्वाशे ‘अप्रतिम’ आले. त्यात मी होतेच. आणि एक उत्तर आलं ज्ञानूबाबांचं. ज्ञानूबाबा उत्रोलीचे, सत्तरीचे शेतकरी, महिन्यातून एखादी कविता टाकणार. त्यांनी लिहिलं, ‘बाई, तरवा काढताना आभाळ दिसत न्हाई. वाकल्यालं माणूस आभाळ कसं बघंल? पाणी दिसतं. आभाळ बघायचंच आसंल तर पाण्यात बघ.’

दुसऱ्या दिवशी चार वाजून एक मिनिटाला मायाचा मला फोन. “ताई, वाचलं त्यांनी! वाचल्याबिगर हे कळतच न्हाई ओ! मी तरवा काढलाय जन्मभर आन् लिवताना खोटं लिवलं बघा.”

इकडं ग्रुपात काय? ‘ज्येष्ठांकडून ही अपेक्षा नव्हती.’ ‘एका भगिनीचं मन दुखावलं.’ पप्पू म्हणून भोरचा एक इलेक्ट्रिशियन आहे, त्यानं लिहिलं, ‘टीका करणं सोपं, लिहून दाखवा.’ मायानं लिहिलं, ‘माझं मन दुखावलं नाही, मला उपयोग झाला.’ त्यावर लोकांनी तिच्या मोठ्या मनाला फुलं टाकली. आणि अमृत सरांनी नियम क्रमांक सात काढून ज्ञानूबाबांना बाहेर केलं. मी वाचत होते. मी काही बोलले नाही. कवींच्या भांडणात आपण कशाला, असं म्हटलं. मोर्चात लाठी खाल्लेली बाई मी, आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात गप्प बसले. पुढं ज्ञानूबाबांच्या लेकाची कंपनी चालू झाली, तो पुण्याला गेला आणि मोबाईल त्याच्याबरोबर गेला. तो धागा तुटला.

मायानं ओळ बदलली. बाई आता पाण्यात आभाळ बघते, आणि मूठ उपटली की ते आभाळ हलतं. तिनं कविता पुन्हा टाकली. पुन्हा सव्वाशे ‘अप्रतिम’. पहिल्याला जे होते तेच. ती मला म्हणाली, “कुनाला फरक कळला न्हाई का ओ?” मी म्हणाले, “अगं, लोकांना घाई असते.” ती म्हणाली, “टाळंबंदीत कसली घाई?”

आता सप्टेंबर. अमृतच्या डोक्यातून नवीन निघालं, ‘आजचे मानकरी’. रोज एक कवी मानकरी. सकाळी अकरा ते बारा तीस सभासदांनी त्याला पाळीपाळीनं फोन करायचा, दोन-दोन मिनिटं, आणि तोंडानं दाद द्यायची. अमृत आदल्या दुपारीच यादी टाकायचा: अमुक अकरा वाजता, तमुक अकरा वाजून दोन मिनिटांनी. एखाद्या कार्यालयात एवढी शिस्त असती तर माझी निम्मी निवेदनं वाचली असती.

मायाचा मान आला तो नेमका सोनियाच्या गणिताच्या चाचणीच्या दिवशी. मोबाईलवरच परीक्षा. चाळीस प्रश्न, अकराला उघडणार, बाराला बंद. दहावीचं वर्ष. त्या मोबाईलची तऱ्हा अशी, की फोनची रिंग आली की नेट बंद पडायचं, आणि पान पुन्हा पहिल्या प्रश्नावर जायचं. हे सगळं मायाला माहीत होतं. म्हणून आदल्या दिवशी पाचला पाच मिनिटं असताना तिनं ग्रुपात लिहिलं. तिला मोबाईलवर लिहायची एकच सवय, दोन-चार शब्द झाले की खालच्या ओळीवर जायचं:

सर्वांना नमस्कार
उद्या माझा मान आहे
पण अकरा ते बारा
सोनियाची परीक्षा आहे
घरात मोबाईल एकच
फोन वाजला की नेट तुटतं
कृपा करून कुणी
अकरा ते बारा फोन करू नका
संध्याकाळी चारनंतर करा

लिहिलं, गेलं ते बघितलं आणि मोबाईल घेऊन ती घरी गेली. रेंज संपली.

त्या दिवसाचा विषय होता ‘दुरावा’.

आलेली दाद माझ्याकडं अजून आहे. मी मुद्दाम ठेवलीय. पप्पू: ‘फोन वाजला की नेट तुटतं! एका ओळीत अख्खा संसार मांडलात ताई.’ दुसरा एक: ‘आईची तळमळ काळजाला भिडली.’ आणखी कुणी: ‘चारनंतर करा, या शेवटात केवढी प्रतीक्षा आहे!’ सुलक्षणाबाईंची फुलं. अमृत सर: ‘मुक्तछंदातली आगळी रचना. दुरावा हा विषय वेगळ्या अंगानं हाताळला आहे. उत्तेजनार्थ.’ आणि सन्मानपत्र. चौऱ्याहत्तर जणांनी दाद दिली. चौऱ्याहत्तर! त्यातल्या एकालाही वाटलं नाही की बाई काहीतरी मागतेय.

मी संध्याकाळी सहाला रेशन दुकानासमोरच्या रांगेत लोकांना अंतर ठेवायला लावत होते. अंगठ्यानं मोबाईल सरकवला, मायाचं नाव दिसलं, आपलं माणूस म्हणून कौतुकानं टाळ्या टाकल्या. वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत माझी वेळ होती अकरा वाजून सव्वीस मिनिटं. मी घड्याळ बघून फोन लावला. मनात म्हटलं, आज तिला ‘उंबरा’वर बोलू, खूश होईल.

फोन सोनियानं उचलला.  हुंदक्यातून म्हणाली, “मावशी, ठेवा ना ओ फोन! ठेवा ना! चौदावा फोन हाय ह्यो!”

मी ठेवला. मग ग्रुप उघडला आणि मायानं काल लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं.

अमृतला लावला. “आधी फोन थांबव. सगळ्यांना सांग.”

“का हो ताई? मायाताईंचा सन्मान चाललाय.”

“तिनं लिहिलं होतं ना, अकरा ते बारा फोन करू नका!”

“ती कविता होती ना ताई?”

“विनंती होती रे, शहाण्या! पोरीची परीक्षा चाललीय!”

“विनंती अशी ओळी तोडून कोण लिहितं?” तो खरंच गोंधळला होता. “आणि ताई, तुम्हीपण टाळ्या दिल्यात की. बघा, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं.”

मी म्हणाले, “तुझ्याशी मी नंतर बोलते. आधी थांबव.”

थांबेपर्यंत अकरा चाळीस झाले. बाराला परीक्षा बंद झाली तेव्हा सोनियाचे चाळीसपैकी नऊच प्रश्न सोडवून झाले होते. माया तेव्हा रानात होती. पोरगी छत्री तिथंच टाकून घरी पळत आली, असं धनाजीनं मला नंतर सांगितलं.

त्याच दिवशी चार वाजता ग्रुपात एक बारीक ओळ उमटली: माया यांनी ग्रुप सोडला. वर काही नाही, खाली काही नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अमृत सरांचा विषय काय असावा? ‘हरवलेली मैत्रीण’. अठ्ठेचाळीस कविता आल्या. कुणी तिला चांदणी केलं, कुणी पाखरू. वळणावर जाऊन तिला विचारावं असं एकालाही सुचलं नाही. सगळ्यांना यमक सुचलं.

माझं डोकं फिरलं. मी बोलून संदेश टाकला, तीन मिनिटांचा. “पाखरू म्हणे! अरे, ती जित्ती बाई आहे गुंजवण्यात. तिनं तुम्हाला साध्या मराठीत सांगितलं होतं, माझ्या पोरीची परीक्षा आहे, फोन करू नका. तुम्ही तिला फुलं दिलीत. मीपण दिली. आपण दोनशे चौदा माणसं आणि वाचता एकालाही येत नाही. ज्याला येत होतं त्याला आपण बाहेर काढलं. आधी त्या पोरीची माफी मागा, मग काय ती चांदणी लिहा.”

टाकून तीन मिनिटं व्हायच्या आत पहिला ‘अप्रतिम’ आला. देवाशपथ. पप्पूचा. त्यानंतर दहा मिनिटांनी नियम क्रमांक सातखाली मी बाहेर.

बरं झालं. मी सोनियाच्या शाळेच्या बाईंना गाठलं. भांडायची तयारी करूनच गेले होते, पण बाई समंजस निघाल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “सोमवारी मी विंझरला मुलांना पुस्तकं द्यायला येणार आहे. तिला तिथं पाठवा, कागदावर घेते.” धनाजीनं पोरीला मोटरसायकलवर नेलं. चाळीसपैकी चौतीस. पुढं त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली आणि वर्षभरातल्या अशाच गुणांवर दहावीचा निकाल लागला, तेव्हा मला कळलं की आम्ही काय घालवून बसणार होतो.

पण मायाचं काय? तिच्याकडं मी त्या सोमवारीच गेले. ती ओटीवर शेंगा सोलत बसली होती. धनाजी मला बघताच म्हणाला, “ताई, म्या तिला काय बोललो न्हाई, आईशपथ. तिचं तिनंच काढलं ते ग्रुपाचं.”

“त्येला कोन काय म्हनतंय?” माया म्हणाली. “बसा ताई.”

मी बसले. म्हणाले, “परीक्षेचं मिटलं गं. आता तू परत लिही. त्या ग्रुपात नको, दुसरीकडं कुठं.”

“परीक्षेचं न्हाई ओ.” ती शेंग हातात धरून थांबली. “चौऱ्याहत्तर जनांनी माझं ते लिवल्यालं बघितलं. एकानं बी वाचलं न्हाई. आता मी इचार करती, मंग त्याच्या आधीच्या कविता? त्या एकसष्ट? त्या बी अशाच ग्येल्या का? मला वाटायचं मी चांगलं लिवती. आता मला कळंना, मी चांगलं लिवती का वाईट. वाईट आसलं आसतं तरी त्यांनी फुलंच दिली आसती.”

आतून साळूबाई म्हणाल्या, “म्या तवाच इचारलं व्हतं, शिक्का कशाचा त्यो.”

“साळूबाई, गप बसा ओ,” हे धनाजी म्हणाला नाही, सोनिया म्हणाली नाही, मी म्हणाले. माझा काही हक्क नव्हता.  

“मी वाचते की तुझ्या कविता,” मी म्हणाले. “मला पाठव. खरं तेच सांगेन.”

“तुमाला आता वाईट वाटतंय, म्हनून वाचनार तुमी. वाईट वाटल्यालं मानूस खरं बोलत न्हाई.” ती हसली. “च्या ठिवू का?”

मी आजवर कलेक्टर कचेरीत उपोषणं केली, दाखले मिळवले, बंद पेन्शनी चालू केल्या. यावर मला काहीही करता आलेलं नाही. निवेदन कुणाला देऊ? या बाईला एक वाचणारं माणूस मंजूर व्हावं, असा अर्ज कुठल्या टेबलावर टाकू? मी तिला दोन-तीन जणांची नावं सुचवली. ग्रुपातल्या तिच्या जुन्या कविता मी एका प्राध्यापकांना दिल्या, त्यांनी ‘ग्रामीण स्त्रीचा अस्सल हुंकार’ असं चार पानी लिहून पाठवलं. तिनं विचारलं, “ह्यात माझ्या कवितेतली एक बी ओळ का न्हाई?” मी बघितलं. खरंच नव्हती.

तो काव्यमंच अजून आहे. आता वर्षाला भोरात हॉल घेऊन संमेलन करतात. अमृतचं दुकान जोरात आहे, स्टेजमागचा फ्लेक्स तोच छापतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं मायाला शाल-श्रीफळाचं आमंत्रण पाठवलं होतं. मनानं वाईट नाही तो, हेच तर दुखणं आहे. ती गेली नाही. सोनिया आता नर्सिंगला आहे. धनाजीची कंपनी चालू आहे. गावात रेंज आलीय, घरात तीन मोबाईल आहेत. माया लिहिते. मला माहीत आहे, कारण किराण्याच्या यादीला वही लागत नाही आणि ती दरवर्षी दोनशे पानी वही आणते. पण पाच वर्षांत तिनं एक ओळ कुणाला दाखवली नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याशी चांगलीच भांडले. म्हटलं, असली कसली गं तुझी मिजास? लोकांनी एकदा वाचलं नाही म्हणून काय जन्मभर वही झाकून ठेवणार? ती पण तापली. “मिजास न्हाई, भ्या वाटतंय मला! परत त्येच आलं तर मी लिवायचंच सोडीन. मंग काय करू दिसभर?”  मग ती उठली, आत गेली आणि वहीचं एक पान फाडून आणलं. “हे एक घ्या. छापा जावा. नाव टाका. नंबर टाकायचा न्हाई. आन् एकच सांगा लोकांला...” काय ते मी खाली सांगते. आधी कविता. नाव आहे ‘मीठ’.

मिठाचं नाव
जेवताना कुणी घेत नाही.
कमी पडलं की आठवतं,
जास्त झालं की ओरडतात.
समुद्रासारखं अथांग आहे मीठ.
बरोबर पडलं
की सगळे गप जेवतात.
आणि मी त्या गप्प बसण्याला
इतकी वर्षं
कौतुक समजत आले.

यातली एक ओळ मला खटकते. कुठली ते मी सांगणार नाही, तिलाही सांगितलेलं नाही, कारण माझा भरवसा तिला नाही आणि तो मीच घालवलाय. म्हणून तुमच्याकडं येते. हा अंक बाजूला ठेवायच्या आधी या दहा ओळी पुन्हा एकदा वाचा. मग एक साधं पोस्टकार्ड घ्या, या अंकाच्या पत्त्यावर मायाच्या नावानं टाका, मी स्वतः ते गुंजवण्याला नेऊन देईन. आणि मायानं सांगायला सांगितलंय ते हे: त्यावर फूल काढू नका, ‘छान’ लिहू नका, तिला चांदणी म्हणू नका. कुठल्या ओळीवर तुम्ही अडलात आणि का अडलात, तेवढंच लिहा.